आतेने बदललेला प्रश्न

आतेच्या मृत्यूची बातमी मला आतेच्याच फोनवरून आली. दुपारचे तीन वाजत आले होते. मुंबईतल्या आमच्या संशोधन संस्थेच्या सभागृहात पडद्यावरचा एक आलेख समजावून सांगत मी उभी होते, आणि समोरच्या टेबलावर ठेवलेल्या माझ्या फोनवर ‘आते’ ही दोन अक्षरं उजळली. बोलणं न थांबवता मी कॉल कापला. थोड्या वेळाने ती अक्षरं पुन्हा उजळली आणि मी पुन्हा कॉल कापला. आतेला माझ्या कामाच्या वेळा कधीच कळल्या नाहीत, असं तेव्हा मनात आल्याचंही मला आठवतं. अर्ध्या तासाने बाहेर येऊन मी फोन लावला, तेव्हा तक्रार ओठांवर तयारच होती. “आते, मी कापला की समजायचं मी कामात आहे, किती वेळा सांगितलं तुला...” पलीकडून आतोबांचा आवाज आला, “चेडवा, ती नाय. मी आसंय.” मग म्हणाले, “आते गेली गो तुझी.”

त्याला आता सात आठवडे झाले. गणिताच्या दृष्टीने पाहिलं तर ते दोन कॉल मी उचलले असते तरी काहीच बदललं नसतं. आतेने दुपारचं जेवून पडवीत अंग टाकलं होतं आणि आतोबा होडी लावून घरी आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. हे मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. तरीही, एखाद्या गोष्टीचा परिणामावर प्रभाव नव्हता हे सिद्ध करता येणं वेगळं आणि त्या गोष्टीने आपला पिच्छा सोडणं वेगळं, हे मला या सात आठवड्यांत कळलं. आणि त्या दोन कॉलांपेक्षा मोठी एक गोष्ट आहे, जी सांगण्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

आते माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझे वडील वैभववाडीला शिक्षक होते. पण आठवीपासून बारावीपर्यंतची पाच वर्षं मी आतेकडे, तारकर्लीच्या अलीकडच्या तिच्या वाडीत राहिले, कारण मालवणला शास्त्र शाखेची सोय चांगली होती आणि आतेला मूल नव्हतं; त्या घरची चेडू, म्हणजे लेक, मीच होते. मी तिथे राहायला गेले त्याच सुमारास ती गावची आशा कार्यकर्ती झाली. आतोबांची होडी होती. आधी मासेमारीची, पुढे पर्यटक वाढल्यावर त्यांना खाडीत फिरवणारी. शाळेतून परतल्यावर मी आतेबरोबर घरोघर जायचे. गरोदर बायका, तान्ही मुलं, ताप, गोळ्या, वजनाचा काटा. तिच्या नोंदवहीतली अक्षरं वेडीवाकडी होती, पण नोंद कधी चुकलेली नसे, आणि त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा उमगलं. ती कुणालाही सरळ प्रश्न विचारत नसे. गरोदर सुनेला “जेवलीस का?” असं विचारलं तर सासूसमोर ती “होय” म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती उंबऱ्यावर बसून, पान जुळवता जुळवता, अगदी सहज म्हणे, “काल रातीक निस्त्याक काय होता गो तुमच्यात?” सुनेने झटकन “बांगडे” म्हटलं, तर आते पुढच्या घरी जाई. सून सासूकडे बघून क्षणभर अडखळली, तर आते पुन्हा एकदा चहा मागे आणि तास दीड तास तिथून हलत नसे. परतीच्या वाटेवर मी एकदा म्हटलं, “ती खोटं बोलत होती ना?” आते चालता चालता थांबली. “माणूस खोटा बोलणा नाय. इचारणाराचो प्रश्न वायट आसता.”

पुढे मी संख्याशास्त्र शिकले, मग सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी घेतली. प्रश्नावली कशी रचावी हा विषय आम्हाला एक अख्खं सत्र होता. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले. ते का मिळाले हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ते माझ्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी हुशार आहे.

माझं आत्ताचं काम थोडक्यात सांगायला हवं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारचा आरोग्य विमा आहे. त्यात नोंद झालेल्या माणसाला कार्ड मिळतं, आणि ठरावीक रुग्णालयांत ते दाखवलं की मोठे उपचार विनामूल्य होतात. कुठल्या भागात ही नोंदणी कशी वाढते, कुठे थांबते, कुठे घसरते, याचा कल तपासणं हे आमच्या गटाचं काम. बहुतेक गावांचे आलेख एकमेकांसारखे असतात. सुरुवातीला थोडे लोक, मग एखाद्याचं ऑपरेशन कार्डावर झालं की त्याचे शेजारी, मग शेजाऱ्यांचे शेजारी... भरती चढावी तशी रेषा हळूहळू वर जाते. गावांची नावं आम्हाला दिसत नाहीत, फक्त सांकेतिक क्रमांक दिसतात. हा आग्रह माझाच होता. नाव दिसलं की पूर्वग्रह शिरतो, असं मी बैठकीत ठामपणे मांडलं होतं आणि वरिष्ठांनी त्याचं कौतुक केलं होतं.

आतेच्या गावात कार्डं आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात चार-पाच माणसांनी नोंद केली. त्यांच्यात एक वयस्क तांडेल होते, एका मोठ्या होडीचे जुने प्रमुख, गावात शब्दाला मान असलेले. कार्ड हातात आल्यावर आठ दिवसांत ते वारले. ते वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि तरीही गाव एवढंच म्हणालं, “कार्ड इला आणि तांडेल गेलो.” त्याच महिन्यात कार्ड काढलेली एक बाई विहिरीवर घसरून पडली आणि तिचा पाय मोडला. संपलं. आजारपणाचं कार्ड घरात आणलं की आजारपण त्याच्या मागोमाग येतं, हे पक्कं झालं. आते अर्ज घेऊन दारोदार फिरत राहिली आणि दारं लागत राहिली. एका शेजारणीने तर अंगणातूनच तिला विचारलं होतं, “काय गो वयनी, आज खंयच्या घराक सुतक लावक भायर सरलंस?” आते जागच्या जागी म्हणाली, “तुझ्या घराक नाय गो. तुझी सासू माका पोचवन मगे जातली.” हा किस्सा तिनेच मला फोनवर हसत हसत सांगितला होता. ती सासू आतेच्या दिवसांना काठी टेकत आली होती आणि पडवीच्या पायरीवर बसून, कुणाशीही न बोलता, निघून गेली.

वर्षभर गावाची रेषा शून्याला चिकटून राहिली. आतेने मग जे केलं ते मला बाराव्याच्या दिवशी देवळाच्या गुरवांकडून तपशिलाने कळलं. आमच्याकडे गावाच्या महत्त्वाच्या कामाला देवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावतो आणि गावाच्या वतीने प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शाळेची इमारत, रस्त्याची वाट, जत्रेचा दिवस, सगळ्याला कौल होतो. आरोग्य विम्याला कुणी कधी लावला नव्हता. आतेने गावकीच्या बैठकीत उभं राहून तो मागितला. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, माणसांनी प्रत्येक ओळीला “व्हय म्हाराजा” म्हटलं, आणि शेवटी प्रश्न आला, “ह्यां आजाराचा कार्ड गावान घेवचा काय?” डावी पाकळी पडली.

गुरव सांगत होते, “मी नारळ उचलूक वाकलंय, आणि पाठसून हिचो आवाज. ‘गुरवानू, थांबा. प्रश्न चुकलो.’” त्यांच्या उभ्या आयुष्यात देवळात असं कुणी म्हटलं नव्हतं. ते रागावून म्हणाले, “द्येवाक शिकवतंस काय गो?” आते म्हणाली, “द्येवाक नाय, तुमका शिकवतंय.” सभामंडपात हशा पिकला, आणि त्या हशाचा फायदा घेऊन ती पुढे झाली. “आजार येवचो काय नाय तां द्येवाच्या हातात. तां तुमी इचारू नकात. पण इलोच, तर ह्या गावचा माणूस हॉस्पिटलाच्या दारातसून परत येवचा नाय, ह्येच्यासाठी कार्ड घेव काय? इतक्यांच इचारा.” गुरवांनी पाकळ्या पुन्हा भिजवल्या. “आणि सांगतंय तुका,” ते मला म्हणाले, “माझो हात काढून झालो नाय तवसर उजवी पडली.”

त्या संध्याकाळी आतेने मला फोन केला होता. मी संगणकासमोर होते. “कौल उजवो झालो गो!” तिच्या आवाजात सतरा वर्षांच्या मुलीचा आनंद होता. मला शरम वाटली. होय, शरमच वाटली. माझ्या सहकाऱ्यांपैकी कुणी ते ऐकत नाही ना, म्हणून मी मान वळवून पाहिलं. “आते, आरोग्य विम्यासाठी कौल? हे मी इथे कुणाला सांगू?” ती म्हणाली, “सांगा नको. तुमच्या हापिसात द्येव नाय ना, तुमका कोण सांगतलो?” मग कामाचं बोलली. “उद्यापासून देवळातच मशीन घेवन बसतंय. लोकांका एकदा घराक धाडलंय तर परत येवचे नाय. आणि ज्येंच्याकडे मोबाईल नाय, त्येंका माझो नंबर घालूक सांगलंय. चलात मां?” मी माझ्या पडद्यावरची ओळ दुरुस्त करत होते. “हो हो, चालेल,” मी म्हटलं.

तीन-चार दिवसांत अख्ख्या गावाने नोंद केली. देवळाच्या सभामंडपात, एका यंत्रावर, एकाच कार्यकर्तीच्या हातून, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पुढे एकच मोबाईल क्रमांक.

काही आठवड्यांनी आमच्या गटाकडे एक काम आलं. काही ठिकाणी दलालांनी माणसांच्या नकळत त्यांच्या नावावर कार्डं काढली होती; न झालेल्या उपचारांचे दावे त्यावर केले जात होते. अशा खोट्या नोंदी माहितीवरूनच ओळखता येतील असे नियम आम्हाला बांधायचे होते. त्यांतला सातवा नियम मी लिहिला. तो असा होता : दीर्घ काळ नोंदणी जवळजवळ शून्य असलेल्या गावात अगदी थोड्या दिवसांत, एकाच ठिकाणाहून, गटाने नोंदणी झालेली असेल आणि अनेक व्यक्तींपुढे एकच मोबाईल क्रमांक असेल, तर ती सर्व कार्डं पडताळणी होईपर्यंत स्थगित ठेवावीत. तर्क नीट होता. खरी माणसं थोडी थोडी येतात, खोटी एकदम येतात. चाचणीत या नियमाने पकडलेली बहुतेक गावं खरोखरच बनावट निघाली. तो लागू झाला तेव्हा सांकेतिक क्रमांकांची जी यादी पडद्यावर आली, तिच्यातली एक रेषा मी खास निवडून सादरीकरणात घातली. सपाट, सपाट, सपाट, आणि मग एकदम उभा कडा. “याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही,” असं मी म्हटल्याचं माझ्या टिपणांत आहे. त्या नियमावर मला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी शिष्यवृत्ती मिळाली. आणि आतोबांचा फोन आला त्या दुपारी, पडद्यावर तीच रेषा होती.

बारावं झाल्यावर आतोबांनी मला आतेची पिशवी दिली. त्यांना वाचायचा कंटाळा. “ह्यांतला सरकारी काय आसात तां बघ आणि परत कर,” एवढंच म्हणाले. पिशवीत वजनाचा काटा होता, गोळ्यांची पाकिटं होती, आणि घाटावरच्या एका मोठ्या रुग्णालयाचा कागद होता, शिमग्याच्या आधीचा. हृदयाच्या झडपेचं काहीतरी गंभीर लिहिलेलं होतं, शस्त्रक्रिया सुचवली होती. खाली विमा खिडकीवरचा शिक्का आणि त्याखाली छापील ओळ : कार्ड स्थगित, पडताळणी प्रलंबित, कारण ७.

बाहेर आतोबा शेजाऱ्यांशी भाड्याने आणलेल्या टोपांविषयी बोलत होते. त्या आकड्याचा अर्थ त्या घरात, त्या गावात, कदाचित त्या जिल्ह्यात फक्त मला समजत होता.

आतोबांना मी तेव्हा काही सांगितलं नाही. फक्त विचारलं की ते दोघं रुग्णालयात कधी गेले होते. त्यांनी जे सांगितलं ते असं. आतेला चढ चढताना धाप लागत होती. दोघं बसने फोंडाघाटमार्गे वर गेले. खिडकीवरचा मुलगा सभ्य होता. त्याने यंत्रात नंबर घातला, पुन्हा घातला, आणि म्हणाला की कार्ड वरूनच अडलं आहे, आठ-पंधरा दिवसांत सुटेल, तेव्हा या. आते त्याच्याशी वाद घालायला उभी राहिली नाही. परतताना फोंडाघाटला चहासाठी उतरले, तेव्हा ती म्हणाली, “ह्यां गावात बोलू नकात हां. माझाच कार्ड चालाक नाय म्हटल्यार उद्या कोणाचा बाळंतपण अडला तरी गाडयेत कोण बसूचा नाय.” आतोबा म्हणाले, “चेडवाक तरी सांगया. ती त्याच कार्डांच्या हापिसात आसा.” त्यावर ती चिडली. “म्हणानच नको. वशिलो लावल्यानी म्हणतले. आठ दिसांचो प्रश्न, कित्याक तरास तिका?” गावात तिने सांगितलं की डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काळजीचं काही नाही. त्या दिवसांत तिचा मला दोन वेळा फोन आला होता. दोन्ही वेळा ती माझ्या जेवणाविषयी बोलली. तिला सरळ विचारून उपयोग नसतो, हे मला सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवं होतं. मी विचारलं होतं, “बरी आहेस ना?” आणि ती म्हणाली होती, “बरी आसंय.”

मुंबईला परतल्यावर मी मूळ नोंदी उघडल्या. सांकेतिक क्रमांकामागचं गाव कुठलं, हे पाहण्याची परवानगी मी आयुष्यात पहिल्यांदा मागितली. मग त्या गावाच्या यादीत खाली खाली जात राहिले. नावं तिथेही नव्हती; स्त्री, वय, कुटुंबातली माणसं दोन. तिच्या ओळीपुढे रुग्णालयाकडून झालेल्या विचारणांची नोंद होती. एका सकाळी, काही मिनिटांच्या अंतराने, दोन वेळा. दोन्ही वेळा उत्तर ‘नाही’ असं गेलं होतं. ती ओळ मी सादरीकरण तयार करताना नक्की पाहिली होती, कारण त्या गावाच्या सगळ्या ओळी मी पाहिल्या होत्या. आताही पडद्यावर ओळी सरकवत जाताना एका ठिकाणी माझं बोट आपोआप थांबतं, आणि पुढे जायला धजत नाही.

मी दुरुस्तीचं टिपण लिहिलं. गाव खरं आहे, माणसं खरी आहेत, गटाने नोंद होण्याचं कारण माहितीत दिसत नाही पण ते अस्तित्वात आहे. ते कारण काय, असं वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा मी कौलाची हकीकत मान न वळवता सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते म्हणाले, “नियम चुकीचा नाही. एका अपवादाने तो मोडत नाही.” संख्येने ते बरोबर आहेत. त्या नियमाने जे खोटे दावे रोखले, त्यांतून वाचलेल्या पैशांतूनही कुणाचे तरी उपचार झाले असतील. त्यांच्यातही कुणाची तरी आते असेल. शस्त्रक्रिया वेळेवर झाली असती तर आते वाचली असती का, या प्रश्नाला हृदयरोगाच्या एका डॉक्टरांनी मला प्रामाणिक उत्तर दिलं की सांगता येणार नाही. मी त्यांचे आभार मानले. त्या उत्तराबरोबर कसं राहायचं हे कुठल्याही सत्रात शिकवलं नव्हतं. आता नियम सातमध्ये एक वाक्य वाढलं आहे : स्थगिती देण्याआधी गावातल्या माणसाशी बोलावं आणि नोंदणी एकदम का झाली हे विचारावं. गावाची कार्डं आठवड्याभरात सुटली.

मागच्या रविवारी मी आतोबांना सांगायला गेले. ते पडवीत इंजिनाचा पंखा घासत बसले होते. मी सगळं क्रमाने सांगितलं, नियम, रेषा, कारण सात, माझी सही. सांगताना माझी भाषा हापिसातल्यासारखी होत होती, आणि ती मला थांबवता येत नव्हती. त्यांनी मान वर केली नाही. कानस पात्यावरून एका लयीत फिरत राहिली. मग ते म्हणाले, “म्हणजे तू अडवलंस.”

“होय.”

“मुद्दाम नाय.”

“मुद्दाम नाही. पण मीच.”

कानस थांबली. “ती आसती तर तुका चार गाळी घातली असती,” ते म्हणाले, “आणि मगे जेवाक वाढला असता. माका तितक्यां जमूचा नाय. गाळी येणत नाय, आणि भात गार झालो.” कानस खाली ठेवत म्हणाले, “गावाक सांग. पण कौल खोटो झालो असां कोण म्हणात, तसां सांगा नको.” म्हणून हा लेख. वृत्तपत्राची ही पुरवणी गावातल्या दुकानावर दुपारपर्यंत पोचते आणि मोठ्याने वाचली जाते. कौल खोटा नव्हता. तिने देवाला योग्य प्रश्न विचारला होता. मी माहितीला चुकीचा विचारला.

निघताना आतोबांनी आतून एक पाकीट आणलं. स्थगितीत छपाई अडलेली पक्की कार्डं आदल्या दिवशी गठ्ठ्याने आली होती, आणि वाटण्याचा पत्ता अजून आतेच्याच घरचा होता. सगळ्यांची वाटून झाली होती. एक उरलं होतं. त्यावरचा फोटो देवळातला. मागे खांब दिसतो, आणि ती हसू दाबते आहे. मी त्यांना कार्यपद्धती सांगितली. मृत्यूचा दाखला, कुटुंबप्रमुखाचा अर्ज, सही, आणि नाव यादीतून कमी होतं. अर्ज मी लिहून देते, म्हटलं.

“तो तुझो नेम,” ते म्हणाले, “माणूस खरा काय खोटा, तां बघता ना?”

“होय.”

“मगे हिचा आता काय म्हणतलो?”

मी कार्ड हातात घेतलं.

“वरस सरांदे,” आतोबा म्हणाले. “वर्सश्राद्ध झाला काय मी स्वतः येवन सही करतंय. तवसर नाव रवांदे. एकदा त्येंनी परत धाडल्यानी. आता माझ्या हातान नको.” त्यांनी कार्ड माझ्याकडून घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं. कुठे ठेवलं ते मी पाहिलं नाही. फक्त कपाटाचं दार लावल्याचा आवाज ऐकला.

आमचा वार्षिक अहवाल या आठवड्यात पूर्ण झाला. आतेच्या गावाची रेषा त्यात आता वरच्या कडेला लागलेली आहे, आणि गावापुढचा आकडा हयात माणसांहून एकाने जास्त आहे. परदेशी जाण्याआधीचा माझा हा शेवटचा अहवाल. तो छापायला जाण्यापूर्वी आकडे बरोबर असल्याची सही करण्याचं काम माझं होतं. मी ती ओळ पुन्हा एकदा तपासली, आणि सही केली.